मुरमाच्या अंगणात मारुती उचलताना



आज कपाशी नाही, तूर नाही आणि बोंडअळी तर नाहीच नाही. आज गाडीच्या ब्रेकवर लिहितो. या पानावर शेतातल्या नोंदी असतात हे मला माहीत आहे, पण ज्या जमिनीबद्दल आपण रोज बोलतो तिनंच मला एकदा दणका दिला होता. म्हणून ही नोंद इथंच शोभते.

आमच्याकडं 2006 ची मारुती 800 आहे, एमएच 29. पंधरा वर्षं झाली तेव्हा यवतमाळच्या आरटीओत फेरनोंदणी करून घेतली. लोक म्हणतात, भंगारात टाक. पण झरी जामणी तालुक्यात राहणाऱ्याला विचारा. एसटी येते तेव्हा येते. बाबांना दर दोन महिन्यांनी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, पहाटे निघावं लागतं, आणि मोटरसायकलवर त्यांना बसवत नाही. नवी गाडी घ्यायची तर दोन वर्षांचा कापूस तिकडंच जाईल. त्यामुळं ही म्हातारी अजून दारात आहे. आणि मिस्त्री म्हणाल तर वणीला नाहीतर पांढरकवड्याला. ब्रेक लागत नसलेली गाडी घेऊन तिथवर जायचं कसं? म्हणून बरेचसे लोक ब्रेकचं काम घरच्या घरी करतात. मीही करतो. मिस्त्रीच्या हाताखाली दोन उन्हाळे काम केलं आहे, अगदीच अडाणी नाही. चूक झाली ती ब्रेक खोलण्यात नाही, त्याआधीच झाली.

सोयाबीन निघालं होतं, परतीचा पाऊस नुकताच येऊन गेला होता. ब्रेकचं पायडल खाली खाली जायला लागलं. पाहतो तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं ओल उतरलेली. म्हणजे ड्रमच्या आतला सिलिंडर गळत होता. भाचा दिवाळीच्या सुट्टीत आलेला, दहावीचा. म्हटलं चल, दोघं मिळून दोन तासांत उरकू.

आमच्या अंगणात मी मागच्या वर्षी मुरूम टाकला होता. चार इंच मुरूम, वरून पाणी मारून चोपलेला. दिसायला सडकेसारखा कडक. त्याच्यावर गाडीसोबत आलेला घडीचा जॅक ठेवला आणि गाडी उचलली. पुढच्या चाकाच्या मागं एक अर्धी वीट लावली. चाक काढलं, घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. ड्रम निघावा म्हणून हँडब्रेक सोडला. गियर न्यूट्रलमध्येच राहिला होता, ते तेव्हा डोक्यात आलंच नाही.

ड्रम गंजून बसलेला. मी हातोड्यानं ठोकायला लागलो. भाचा बाजूला पाय लांब करून बसला होता, पाय थेट गाडीच्या उंबऱ्याखाली.

"मामा, मी पाहू का आतून?"

"पाह्य, पण पहिले तो चौदाचा पाना आण, ओसरीत असन."

तो उठला. मी दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला गाडी पुढं वीतभर सरकली, जॅक आडवा झाला आणि गाडी धप्पकन ड्रमवर बसली. आवाज फार मोठा नव्हता, एखादं भरलेलं पोतं पडल्यासारखा. धूळ उडाली. गाडीचा उंबरा आणि मुरूम यांच्यात चार बोटं जागा राहिली होती, आणि त्या चार बोटांत पोराची स्लीपर चेंगरली होती. एकच. दुसरी त्याच्या पायात होती, तो तसाच एका पायानं ओसरीत पाना शोधत होता.

तो पाना घेऊन आला आणि हसला. "मामा, पडली का गाडी?" मी काही बोललो नाही. हात थरथरत होते म्हणून खिशात घातले. चौघांना बोलावून कोपरा उचलला. स्लीपर काढली. ही गोष्ट मी बहिणीला आजतागायत सांगितलेली नाही. ही नोंद तिनं वाचली तर वाचली. तिच्या शिव्या मला लागू आहेत.

संध्याकाळी शेजारचे काका आले. वणीच्या कोळसा खाणीच्या डंपरवर त्यांची हयात गेली. त्यांनी आधी जॅकचं भोक पाहिलं. जॅकच्या बुडाच्या मापाचं, मुरमातून आरपार, खाली काळ्या मातीत गेलेलं. मग वीट पाहिली.

"वीट मांगं लावली आन् उतार पुढं हाय. गाडी कुठी जाईन? उताराकडंच जाईन ना बावा." थोडं थांबून म्हणाले, "आन् ज्याक हा उचलाले असते, धराले नाही. धराले टेकण लागते. तुया आज्यानं बंडीले ओंगण घालतानी कधी टेकणाबिगर चाक काढलं का?"

खरं होतं. आमचा आजा बंडीचं चाक उतरवून आसाला ओंगण घालायचा, तेव्हा आधी बाभळीचं टेकण आसाखाली जायचं, मगच चाकाला हात. आणि बंडी वजनाला मारुतीपेक्षा कितीतरी हलकी.

त्या रात्री मी गणित मांडलं. ते इथं देतो, कारण मातीचं गणित आहे आणि आपल्या पानावर मृदाशास्त्र शिकलेली मंडळीही येतात. रिकामी मारुती 800 साधारण साडेसहाशे किलोची. एक कोपरा उचलला की जॅकवर दीड-दोनशे किलो येतं, दोनशे धरू. माझ्या जॅकचं बूड मोजलं, 8 बाय 10 सेंटिमीटर, म्हणजे 80 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर अडीच किलो. आता आपण माणूस घेऊ. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा, तळव्याचा टेकलेला भाग दीडशे चौरस सेंटिमीटर धरला तर 0.4 किलो. म्हणजे जॅकचा दाब माणसाच्या पायाच्या सहापट. ज्या रानात पावसानंतर आपला पाय घोट्यापर्यंत जातो, त्या मातीवर मी सहापट दाब देऊन वर हातोडा मारत होतो.

आता त्याच जॅकखाली फूटभर लांब, फूटभर रुंद फळी ठेवली तर? 30 बाय 30, म्हणजे 900 चौरस सेंटिमीटर. दाब येतो 0.22 किलो. माणसाच्या एका पायाच्या निम्मा. फळी मात्र दोन इंच जाड हवी. मी आधी प्लायवूडचा तुकडा घातला होता, तो मधोमध वाकला. वाकलेली फळी असून नसल्यासारखी, सगळा भार परत मधल्या वीतभर जागेवरच येतो. आता बाभळीची आहे, जुन्या वखराच्या लाकडाच्या बाजूला पडलेली होती, सुताराकडून चौकोनी करून घेतली.

मुरमानं कसं फसवलं तेही सांगतो. मुरूम वरून कडक पापडी धरतो, पण त्याखाली आपली तीच काळी कसदार. या मातीतली चिकण, मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात तिला, पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. म्हणून तर उन्हाळ्यात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. म्हणूनच घरांच्या भिंती तिरप्या तडकतात, आणि म्हणूनच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी खाली फुगीर बुडाचे पाइल काढले, जे फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थराच्या खाली जाऊन टेकतात. घराला पाया खोल लागतो हे आपल्याला कळतं. गाडीच्या जॅकलाही पाया लागतो हे मला स्लीपर चेंगरल्यावर कळलं. आणि उन्हाळ्यात माती दगडासारखी होते तेव्हा निर्धास्त राहू नका, वरून सारवलेल्या किंवा मुरूम टाकलेल्या अंगणाखाली भेग दडलेली असू शकते. गावात कुणाचा सिमेंटचा सपाट कोबा असेल तर गाडी ढकलत तिथंच न्यावी, हे सगळ्यात बरं. पण सपाट. उताराचा कोबा काळ्या मातीइतकाच वाईट.

पंक्चर काढताना आपण सगळ्यांनी शंभर वेळा जॅक लावलाय. दहा मिनिटांचं काम, चाक काढलं, घातलं, उतरवली. काही होत नाही. तीच सवय आपण ब्रेकच्या कामाला नेतो आणि तिथं घात होतो. ब्रेकचं काम दोन तास चालतं. त्यात ड्रम ओढावा लागतो, ठोकावा लागतो, गंजलेल्या नटाला जोर लावावा लागतो. सगळा जोर आडवा, आणि घडीचा जॅक आडव्या जोराला काहीच नाही. ट्रॅक्टरचा बाटली जॅक आणला तर तो बुडाला पक्का असतो, पण त्याचं डोकं लहान, गाडीच्या पत्र्याच्या कडेवरून घसरतं. आणि आतलं वायसर म्हातारं झालं की तेल हळूहळू गळून जॅक आपोआप बसत जातो. तुम्हाला कळतही नाही.

आता हँडब्रेकचं. हे मला काकांनी समजावलं तेव्हा मी स्वतःलाच दोन ठेवून द्याव्या असं वाटलं, कारण हे माहीत होतं, फक्त जोडून कधी पाहिलं नव्हतं. मारुती 800 ला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना आणि हँडब्रेक मागच्या चाकांना. मागचं ड्रम खोलायचं तर हँडब्रेक सोडावाच लागतो. तो सोडला की गाडीला धरून ठेवणारं फक्त गियर, तेही पुढच्या चाकांतून. मी न्यूट्रल ठेवला म्हणजे तेही काढून घेतलं. उलट पुढचं चाक उचललं तर हँडब्रेक कामाचा, पण गियर बिनकामाचा, कारण एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल ते मोकळं फिरू देतो आणि जमिनीवरचं दुसरं चाकही मोकळं होतं. बोलेरो किंवा जुन्या जीपवाल्यांनो, तुमची गोष्ट वेगळी. फोर-व्हील लावलेली नसेल तर तुमच्याकडं गियर आणि हँडब्रेक दोन्ही मागंच. गियरमध्ये टाकून मागचं एक चाक उचललं तर तोच डिफरन्शियलचा खेळ, गियर धरत नाही. आणि ड्रम खोलायला हँडब्रेक सोडला की गाडीला काहीच धरत नाही. म्हणून कोणतीही गाडी असो, जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडाचे गुटके. वीट नाही. वीट दाबाखाली फुटते आणि सिमेंटचा ब्लॉक तर न सांगता फुटतो. वीट गाडीखाली टेकण म्हणून लावलेली मी पाहिली आहे. कृपा करून लावू नका.

यंदा फेब्रुवारीत दुसऱ्या बाजूचा सिलिंडर गेला. तेव्हा कसं केलं ते सांगतो.

आधी गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे चारही नट अर्धा आटा सैल केले. हे गाडी वर असताना केलं तर पाना दाबताना गाडी हलते. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके, गियर पहिल्यात. मग उंबऱ्याची खालची कड पाहिली. गाडीसोबतच्या पुस्तकात चित्र असतं, जॅक कुठं लावायचा त्याच्या खाचा असतात, पुढच्या चाकाच्या जरा मागं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढं. जुन्या गाडीत इथंच गोम आहे. आपल्याकडचा चिखल त्या दुहेरी पत्र्यात जाऊन बसतो आणि पावसाळाभर ओला राहतो. वरून रंग चांगला दिसतो, आत गंज. मी पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहिलं. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला भद्द. एका ठिकाणी पेचकसाचं टोक सरळ आत गेलं. तिथं जॅक लावला असता तर जॅक गाडीच्या आत आणि गाडी खाली. त्या खाचेपासून दोन वीत पुढं पत्रा चांगला लागला, पण खाच सोडून दुसरीकडं लावायला मन धजेना. आधी वणीच्या वेल्डरला बोलावून तो भाग पक्का करून घेतला, आठ दिवस काम थांबलं. बाबांची सेवाग्रामची तारीख तेवढी पुढं होती म्हणून जमलं.

मग फळी, फळीवर जॅक, गाडी हळूहळू वर. जॅक सरळ उभा आहे की कलतोय ते प्रत्येक चार फेऱ्यांनी पाहायचं. कलला तर उतरवून पुन्हा. हव्या त्या उंचीला आली की जॅकच्या शेजारी, उंबऱ्याच्या मजबूत भागाखाली स्टँड. याला गॅरेजात घोडी म्हणतात. दोन टनांची जोडी मी विकत घेतली. पाच एकर कपाशीच्या एका फवारणीला जेवढे पैसे जातात तेवढ्यात आली, आणि फवारणीसारखी दर पंधरा दिवसांनी लागत नाही. स्टँडखालीही तशीच फळी, कारण त्याचे चार पाय जॅकपेक्षाही टोकदार. स्टँडच्या डोक्यावर बाभळीचा छोटा गुटका ठेवला, त्याला करवतीनं खाच पाडली म्हणजे पत्र्याची कड त्यात बसते, दबत नाही. मग जॅक सोडून गाडीचा भार स्टँडवर घेतला आणि जॅक नुसता लागेल इतपत वर करून ठेवला.

आता गाडीला हात लावण्याआधी एकदा धक्का. जोरात, दोन्ही हातांनी, पुढं-मागं, आडवा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे, आपण बाहेर असताना. नाही पडली. मग चाक काढलं आणि या वेळी भिंतीला नाही टेकवलं, उंबऱ्याखाली आडवं सरकवलं. काहीही झालं तरी गाडी त्या चाकावर बसेल, माणसावर नाही. त्या दिवाळीला फक्त एवढं केलं असतं तरी स्लीपर वाचली असती.

ड्रमचं म्हणाल तर ठोकायची गरजच नसते हेही उशिरा कळलं. मारुतीच्या ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात. त्यात आठचे दोन बोल्ट आळीपाळीनं पिळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. मी इतकी वर्षं त्या भोकांत साचलेला चिखल पाहत होतो.

आतल्या काळ्या भुकटीला तोंडानं फुंकर घालू नका, हवेच्या पंपानंही नाही. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं फेकून द्यायचं. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली, त्यानंतर घराघरात मास्क आले. तोच लावा, खुंटीला टांगलाच आहे.

सिलिंडर बदलला की हवा काढावी लागते आणि तेव्हा कुणीतरी आत बसून पायडल दाबावं लागतं. माणूस आत चढला की गाडी डुलते. म्हणून हे काम नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्टँडवर असतानाही दार आपटायचं नाही, हळू चढायचं, हळू उतरायचं. तेल झाकणावर लिहिलंय तेच, माझ्या गाडीला डॉट 3. इंजिनचं तेल किंवा डिझेल ब्रेकमध्ये घातलं तर रबरं फुगून सगळंच बसतं, असं करणारे महाभाग आहेत म्हणून लिहितो. शेवटी चाक लावून गाडी खाली घेतली, नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, जागेवरच दहा-वीस वेळा पायडल मारलं, ते कडक झाल्यावरच गुटके काढले. मग गावातल्या गावात, पायी चालायच्या वेगानं. हायवेवर दुसऱ्या दिवशी, आणि तिथंही मुकुटबनला थांबून नट पुन्हा पाहिले. एक पाव आटा फिरला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एकच. रोटावेटरची पाती बदलताना लोक हायड्रॉलिकवर उचलून खाली शिरतात. ते तेलावर लटकलेलं ओझं आहे, डोक्यावर पडायला पुरेसं. लीव्हरला पोराचा हात लागला तरी खाली येतं. खाली लाकूड द्या, मगच पाती.

भाचा आता बारावीला आहे. फेब्रुवारीत तो योगायोगानं आलाच होता. पायडल दाबायला त्यालाच बसवलं. काम झाल्यावर त्यानं सामान आवरलं, बाभळीच्या दोन्ही फळ्या पुसल्या आणि विचारलं, "मामा, ह्या कुठी ठेवू? घरात का?"

म्हटलं, डिक्कीत. स्टेपनीच्या बाजूला. पंक्चर काही अंगण पाहून होत नाही.

परवा पहाटे सेवाग्राम. त्याच्या आत तुरीची मळणी उरकायची आहे, हार्वेस्टरवाल्यानं उद्याचं सांगितलंय. पुढची नोंद तिचीच. तोपर्यंत कुणाकडं जुन्या मारुतीचा डावा उंबरा चांगल्या अवस्थेत पडला असेल तर कळवा, वेल्ड केलेल्यावर माझा अजून पूर्ण भरवसा बसलेला नाही.